परराज्यांतील खून आणि स्वदेशाचा कायदा

खांदेश्वर स्थानकावरून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलगाडींत बसलें म्हणजे एका तासाच्या आंतच मनुष्य ठाण्यास पोंचतो. स्थानकाबाहेरच्या गर्दींतून वाट काढीत पुढें गेल्यावर मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंती दिसूं लागतात. ह्या भिंती मूळच्या तुरुंगाच्या नव्हेत, किल्ल्याच्या होत. पोर्तुगीजांनीं १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधावयास घेतला, १७३७ सालीं तो मराठ्यांच्या हातीं आला आणि १७७४ सालीं इंग्रजांनीं तो घेतला. ह्याच किल्ल्यांत १८१५ सालीं त्रिंबकजी डेंगळे ह्यास आणून कोंडिलें होतें, आणि येथूनच १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्रीं तो निसटला. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, त्यांस मराठीचा गंध नव्हता. खिडकीखालीं घोड्यांची निगा करणारा एक मराठा मोतद्दार गाणें म्हणे, आणि त्या गाण्यांतूनच पळून जाण्याचा बेत कैद्यास कळे, अशी कथा आहे. बिशप हेबर ह्यानें आपल्या प्रवासवृत्तांत ती नमूद केली असून त्या गाण्याचें इंग्रजी पद्यहि रचून ठेविलें आहे. कथा गोड आहे. आणि गोड कथांचा एक दोष असा कीं त्यांच्या नादांत मूळ प्रकरण मागें पडतें. त्रिंबकजी पळाला कसा हें महाराष्ट्रांत पुष्कळांस ठाऊक आहे. त्यास कोंडिलें कशासाठीं, आणि त्याचा न्याय कधीं कोणीं केला काय, हें विचारणारे थोडे.

आम्हांस ह्या प्रश्नाची आठवण एका शेजाऱ्यांनीं करून दिली. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसाहतींतील वाचनालयांत पेशवाईच्या अखेरच्या वर्षांवर आमचें एक व्याख्यान झालें. खांदेश्वराची वस्ती आतां अशी आहे कीं ज्याचें कोणी ना कोणी परदेशांत नाहीं असें घर शोधावें लागतें. शेजारींच नवा विमानतळ झाल्यापासून तर समुद्रापलीकडचा प्रवास हा पूर्वींच्या पनवेल-पुणें प्रवासासारखा बोलण्यांतला झाला आहे. व्याख्यान संपल्यावर, ज्यांची कन्या आखाती देशांत नोकरीस आहे असे एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, त्या शास्त्र्यांच्या मागें कंपनी सरकार उभें होतें. उद्यां आमच्या मुलीस तिकडे कोणीं मारिलें, तर आमच्या मागें कोण?" आम्हीं त्या वेळीं कांहींतरी बोलून वेळ निभावली. प्रश्न मात्र मनांतून गेला नाहीं. पुढील मजकूर म्हणजे त्या प्रश्नाचें उशीरा दिलेलें उत्तर होय.

गंगाधरशास्त्री पटवर्धन हे बडोद्याच्या गायकवाडांचे मुतालिक. वाईजवळच्या मेणवलीचे, बुद्धीनें तरतरीत, इंग्रज अधिकाऱ्यांत वावरून त्यांच्या चालीरीतींचा शोक लागलेले. गायकवाडांकडे पेशव्यांची मोठी बाकी निघत होती, आणि अहमदाबादचा इजारा, जो गायकवाडांकडे होता, त्याची मुदत १८१४ सालीं सरत होती. हे दोन्ही प्रश्न मिटवावे म्हणून शास्त्री पुण्यास आले. बाजीरावाच्या दरबारीं जाण्यास ते धजले ते इंग्रजांनीं त्यांच्या जीविताची हमी घेतली म्हणून. ही गोष्ट नीट ध्यानांत धरिली पाहिजे. गंगाधरशास्त्री हे इंग्रजांचे प्रजाजन नव्हते, गायकवाडांचे चाकर होते. तथापि परराज्यांत पाऊल टाकितांना त्यांच्या पाठीशीं जो शब्द होता तो बडोद्याचा नव्हे, कलकत्त्याचा होता.

पुण्यांत इजारा तर त्यांस मिळाला नाहींच. तो बाजीरावानें आपला लाडका त्रिंबकजी ह्यास दिला. हा मनुष्य जासूदाच्या पेशांतून वर चढून कारभारी झालेला. पुढें बाजीरावानें शास्त्र्यांस गोड बोलून आपलेसें करण्याचा घाट घातला. आपल्या मेहुणीचा विवाह शास्त्र्यांच्या मुलाशीं ठरविला. शास्त्री प्रथम हुरळले, मग बिचकले, आणि विवाह लांबणीवर टाकिला. वाड्यांतील चालीचा बोभाटा ऐकून त्यांनीं आपल्या पत्नीस पेशव्यांच्या वाड्यांत जाऊं दिलें नाहीं. बाजीरावास हा अपमान जिव्हारीं लागला असावा. तरीहि नाशकाची यात्रा बरोबर झाली, आणि १८१५ च्या आषाढांत सर्व मंडळी पंढरपुरास गेली. २० जुलैच्या संध्याकाळीं शास्त्र्यांस बरें वाटत नव्हतें. देवदर्शनास चला म्हणून त्रिंबकजीचे निरोपावर निरोप आले. शेवटीं ते गेले, दर्शन घेतलें, आणि परततांना रस्त्यावरच मारेकऱ्यांनीं त्यांस तोडिलें. वारीच्या दिवसांत, विठ्ठलाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, ब्राह्मणाची हत्या! महाराष्ट्रांत केवढी खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुण्याचा रेसिडेंट मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळीं वेरुळचीं लेणीं पाहण्यास गेला होता. बातमी येतांच तो परतला आणि त्यानें त्रिंबकजीस अटक करण्याची मागणी केली. येथून पुढचा वाद हा, आमच्या मतें, मराठी इतिहासांतील अत्यंत मनोरंजक कायदेशीर वाद आहे; तो राजकारणाच्या धुराळ्यांत दिसेनासा झाला एवढेंच. बाजीरावाचें म्हणणें, आधीं चौकशी करा, गुन्हा शाबीत झाला तर अटक करूं. एल्फिन्स्टनचें म्हणणें, आधीं अटक करा, कारण हा मनुष्य मोकळा असतां त्याच्याविरुद्ध तोंड उघडण्यास साक्षीदार येणार कोठून? कोणत्याहि आजच्या वकिलास विचारा, तो एल्फिन्स्टनची बाजू घेईल. आम्हीहि घेतों. गुन्हेगार ज्या राज्याचा कारभारी, त्याच राज्यानें त्याची चौकशी करावयाची ही थट्टाच होय.

पण ह्यापुढचें पाऊल एल्फिन्स्टननें टाकिलें नाहीं. त्रिंबकजीस प्रथम पेशव्यांनीं वसंतगडावर ठेविलें, आणि जालन्याकडील फौजेच्या धाकानें सप्टेंबरांत इंग्रजांच्या स्वाधीन केलें. अटक झाली, चौकशी मात्र झाली नाहीं. बडोद्याच्या दरबारांतील सीतारामाच्या पक्षावरहि दाट संशय होता, त्याचे हस्तक पुण्यांत होते. त्या सर्वांस एकत्र आणून, साक्षीपुरावा घेऊन, कोणा न्यायाधीशासमोर हें प्रकरण कधीं उभें राहिलें नाहीं. रेसिडेंटनें माहिती जमविली, स्वतःची खात्री करून घेतली आणि ती वर कळविली. फिर्यादी, तपासणीस आणि न्यायाधीश ही तिन्ही कामें एकाच इसमानें केलीं. त्रिंबकजी निर्दोष होता असें आम्हीं म्हणत नाहीं. तो निर्दोष असेल असें मानणें कठीण आहे. परंतु दोषी असणें आणि दोषी ठरणें ह्यांमध्यें जें अंतर आहे त्यासच न्याय म्हणतात, आणि तें अंतर ह्या प्रकरणांत कोणींच चालून गेलें नाहीं.

त्या खुनाची किंमत मात्र वसूल झाली, आणि ती किती झाली तें पाहण्यासारखें आहे. त्रिंबकजी ठाण्याहून पळाल्यावर १८१७ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं बाजीरावास निर्वाणीचें सांगितलें कीं महिन्याच्या आंत त्यास हजर करा, आणि तोंवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे तीन किल्ले गहाण द्या. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत पेशव्यांनीं त्रिंबकजीचा अपराध लेखी कबूल केला. मराठेमंडळाचें पुढारीपण सोडिलें. गायकवाडांवरील जुन्या हक्कांबद्दल सालीना चार लाखांवर समाधान मानिलें. आणि अहमदाबादचा इजारा, ज्यापायीं शास्त्री पुण्यास आले होते, तो साडेचार लाखांवर गायकवाडांस कायमचा दिला. शिवाय बेलापूर, आटगांव, कल्याण आणि तेथून उत्तरेकडे गुजराथपर्यंतचा कोकण सोडून दिला. हें बेलापूर म्हणजे खांदेश्वरापासून तिसरें स्थानक. आज तेथें सिडकोचें मुख्य कार्यालय आहे आणि घराच्या कागदपत्रांसाठीं आम्हीं तेथें अनेक खेपा घातल्या आहेत. पण ती जमीन पंढरपुरच्या एका खुनाच्या हिशेबांत हस्तांतरित झाली हें त्या रांगेंत उभ्या असलेल्या कोणाच्या गांवींहि नसतें. त्रिंबकजी पुढें १८१८ सालीं सांपडला, चुनारच्या किल्ल्यांत त्यास ठेविलें, आणि १८२९ सालीं तेथेंच तो वारला. चौकशी न होतां सुरू झालेली कैद मरणानेंच संपली.

ह्या प्रकरणास आम्ही एवढी जागा दिली, कारण परक्या मुलखांत आपला मनुष्य मारिला गेला असतां राज्यकर्ते काय करितात ह्याचें तें उघडें चित्र आहे. कायदा नव्हता, हमी होती, आणि हमीमागें पलटण होती. जेथें पलटण पाठवितां येत नाहीं तेथें काय करावयाचें हा प्रश्न पुढच्या शंभर-दीडशें वर्षांत कायदेपंडितांपुढें आला.

हिंदुस्थानचें दंडविधान १८६० सालीं झालें. त्यांत देशाबाहेरील गुन्ह्यांसंबंधीं जें कलम आहे तें १८९८ सालीं नव्यानें लिहिलें गेलें, आणि त्याखालीं एक दृष्टान्त दिला: हिंदी प्रजाजन असलेला एक कुली युगांडांत खून करितो, तो हिंदुस्थानांत जेथें सांपडेल तेथें त्याच्यावर खटला चालवितां येईल. ज्या दिवसांत हजारों हिंदी मजूर आफ्रिकेंत आगगाडीचे रूळ टाकीत होते त्या दिवसांचा हा दृष्टान्त आहे. त्याची बारकाईनें पाहणी करावी. कायद्याच्या डोळ्यांपुढें मारणारा हिंदी मनुष्य आहे. मरणारा हिंदी मनुष्य कोठेंच नाहीं. आपल्या प्रजेनें परदेशांत गुन्हा केला तर तिला शिक्षा करण्याची सरकारास चिंता होती. आपल्या प्रजेवर परदेशांत गुन्हा झाला तर काय, ह्याविषयीं कलम मुकें. स्वातंत्र्यानंतर 'प्रजाजन' जाऊन 'नागरिक' आला, कुली गेला, युगांडा पुष्कळ वर्षें राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली आणि तिच्या दृष्टान्तांत युगांडाच्या जागीं 'भारताबाहेरील कोणतेंहि ठिकाण' आलें. मांडणी मात्र तीच: मारणारा आपला असला पाहिजे.

हा एकट्या आपल्याच देशाचा संकोच नव्हे. मेलेल्या मनुष्याच्या राष्ट्रीयत्वावरून खटला चालविण्याचा हक्क राष्ट्रांनीं बराच काळ संशयानें पाहिला. १८८६ सालीं मेक्सिकोनें कटिंग नांवाच्या एका अमेरिकन संपादकास पकडलें. त्यानें टेक्सासमध्यें छापलेल्या मजकुरानें एका मेक्सिकन नागरिकाची बदनामी झाली होती. अमेरिकेनें तेव्हां आकाशपाताळ एक केलें: आमच्या भूमीवर आमच्या नागरिकानें केलेल्या कृत्याचा न्याय तुम्हीं केवळ तुमचा मनुष्य दुखावला म्हणून करणार? पुढें १९२६ च्या ऑगस्टांत 'लोटस' ही फ्रेंच आगबोट 'बोझकुर्त' ह्या तुर्की जहाजावर आदळून आठ तुर्क बुडाले. तुर्कस्थानच्या दंडविधानांत परक्यानें परदेशांत तुर्कांचें नुकसान केलें तर खटला चालविण्याचें कलम होतें. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेलें, न्यायाधीशांचीं मतें समसमान पडलीं, आणि १९२७ सालीं अध्यक्षांच्या निर्णायक मतानें तुर्कस्थान जिंकलें. पण तें जिंकलें ह्या कारणानें कीं तुर्की जहाज ही तुर्कांची भूमीच मानिली गेली. मृताच्या राष्ट्रीयत्वाच्या मूळ प्रश्नास न्यायालयानें मोठ्या चतुराईनें बगल दिली.

गंमत अशी कीं १८८६ सालीं एवढा कांगावा करणाऱ्या अमेरिकेनेंच बरोबर शंभर वर्षांनीं, १९८६ सालीं, ह्याच तत्त्वाचा कायदा केला. आदल्या वर्षीं 'आकिल्ले लाउरो' ह्या इटालियन जहाजावर एका वृद्ध, चाकांच्या खुर्चींतील अमेरिकन प्रवाशाचा दहशतवाद्यांनीं खून केला होता, त्याचा हा परिणाम. परदेशांत अमेरिकन नागरिकास मारणें हा अमेरिकेच्या कायद्यानें गुन्हा झाला. अट एवढीच कीं हा खून सरकारास वा जनतेस धाक घालण्यासाठीं किंवा सूड उगविण्यासाठीं होता असा दाखला महान्यायवाद्यानें द्यावा. ह्या कायद्याची मुंबईकरांस जी ओळख झाली ती दुःखद रीतीनें. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत १६६ माणसें मेलीं, त्यांत सहा अमेरिकन होते. डेव्हिड हेडली ह्यानें १० सालच्या मार्चांत शिकागोच्या न्यायालयांत गुन्हा कबूल केला. त्याच्यावरील आरोपांत भारतांतील सहा अमेरिकनांच्या खुनास साह्य केल्याचे सहा स्वतंत्र आरोप होते. २०१३ च्या जानेवारींत त्यास पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या रस्त्यांवरचे खून, आणि न्याय मिशिगन सरोवराच्या कांठीं! त्याचा साथीदार तहव्वूर राणा ह्यास भारताच्या स्वाधीन करून घेण्यास एप्रिल २०२५ उजाडलें.

आपल्या बाजूचें उदाहरण घ्यावयाचें तर रवींद्र म्हात्रे ह्यांचें घ्यावें. म्हात्रे हें आडनांव आमच्या पनवेल-उरणकडे पावलोपावलीं भेटतें, म्हणून कीं काय, ह्या नांवाशीं आम्हांस विशेष आपलेपणा वाटतो. बर्मिंगहॅम येथील भारतीय वकिलातींत ते अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ च्या सायंकाळीं मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरीं जात असतां त्यांस पळवून नेण्यांत आलें. तिहार तुरुंगांत फांशीची शिक्षा झालेल्या मकबूल भट्टास सोडा, अशी पळविणाऱ्यांची मागणी होती. दोन दिवसांनीं लेस्टरशायरमध्यें म्हात्र्यांचें प्रेत सांपडलें. ११ फेब्रुवारीस भट्टास फांशी दिली गेली. मारेकऱ्यांवर खटले चालले ते इंग्लंडांत, इंग्लंडच्या कायद्यानें. पुण्यांत मुठेवरच्या पुलास म्हात्र्यांचें नांव दिलें आहे. रोज हजारों वाहनें त्यावरून जातात, आणि 'म्हात्रे पूल' म्हणणाऱ्यांस बहुधा तो कोणा स्थानिक पुढाऱ्याचा वाटतो.

म्हात्रे हे राज्याचे प्रतिनिधि होते. अशांसाठीं १९७३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानें एक सोय केली आहे: आपल्या प्रतिनिधीवर परदेशांत हल्ला झाला तर त्याच्या राष्ट्रासहि खटल्याचा अधिकार असावा. म्हणजे गंगाधरशास्त्र्यांसारख्यांची व्यवस्था दीडशें वर्षांनीं झाली. शास्त्र्यांबरोबरच्या पालखीच्या भोयांची अजून व्हावयाची होती.

ती थोडीशी झाली २०१९ सालीं. त्या वर्षीच्या जुलैंत संसदेनें राष्ट्रीय तपास संस्थेच्या कायद्यांत दुरुस्ती केली आणि प्रथमच असे शब्द आले कीं भारताबाहेर भारतीय नागरिकांविरुद्ध अनुसूचींतील गुन्हा करणाऱ्यासहि, मग तो कोणत्याहि देशाचा असो, हा कायदा लागू होईल. पुढच्याच वर्षीं, २५ मार्च २०२० रोजीं, काबूलच्या गुरुद्वारावर हल्ला झाला, मृतांत एक भारतीय नागरिक होता, आणि ह्या अधिकाराखालीं परदेशांतील पहिला गुन्हा संस्थेनें नोंदविला. पाऊल महत्त्वाचें आहे. परंतु 'अनुसूचींतील' ह्या शब्दावर बोट ठेविलें पाहिजे. अनुसूचींत दहशतवाद आहे, विमानापहरण आहे, स्फोटकें, बनावट नोटा, मनुष्यव्यापार आहे. साधा खून नाहीं. पैशासाठीं, द्वेषापायीं, वा घरांतल्या भांडणांत परक्यानें आमच्या मनुष्यास तिकडे मारिलें तर ही संस्था हात लावूं शकत नाहीं.

जातां जातां एक विसंगति. त्याच जुन्या कलमांत माहिती-तंत्रज्ञानाच्या कायद्याबरोबर एक पोटकलम घातलें गेलें, व तें नव्या संहितेंतहि आहे: जगांत कोठेंहि बसून कोणत्याहि मनुष्यानें भारतांतील संगणकास लक्ष्य केलें तर आमचा कायदा त्यास लागू. वकील म्हणतील, संगणक भारतांत आहे, मनुष्य बाहेर आहे, हा भेद मूलभूत आहे. मान्य. तरी संगणकासाठीं जें कलम इतक्या सहज लिहिलें गेलें तें माणसासाठीं लिहितांना एवढा विचार पडावा ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. २०१२ सालीं केरळच्या किनाऱ्यापलीकडे एका इटालियन जहाजावरील दोन सैनिकांच्या गोळीबारानें आपले दोन कोळी मेले. मच्छीमारांची होडी भारतीय, मेलेले भारतीय, आरोपी आपल्या ताब्यांत. तरी २०२० सालीं हेगच्या लवादानें त्या सैनिकांस राज्यसेवेचें संरक्षण आहे असें ठरविलें, भारतास भरपाईचा हक्क दिला, आणि २०२१ च्या जूनमध्यें दहा कोटी रुपये जमा झाल्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें खटला बंद केला. कायदा असला म्हणजे न्याय होतोच असें नाहीं. इटलीनें आपल्या सैनिकांसाठीं जी चिकाटी दाखविली ती मात्र शिकण्याजोगी होती.

आतां आमच्या शेजाऱ्यांचें उत्तर. तें आम्हीं त्यांस मागच्या रविवारीं, खांदेश्वराच्या तळ्याकांठीं फिरतांना सांगितलें. मारणारा भारतीय नागरिक असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २०८ व्या कलमानें तो भारतांत जेथें सांपडेल किंवा गुन्हा जेथें नोंदला जाईल तेथें खटला चालूं शकतो. तपासास अडचण नाहीं. २०११ सालींच जुन्या कलमाच्या संदर्भांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं तपास व दखल ह्यांस केंद्र सरकारची पूर्वसंमति लागत नाहीं, प्रत्यक्ष खटला चालवितांना मात्र लागते. मारणारा परका असून कृत्य दहशतीचें असेल, तर तपास संस्था आहे. मारणारा परका आणि खून साधा, तर त्या देशाचीं न्यायालयें, आपली वकिलात, आणि आपण.

गृहस्थ थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "ती संमति मागण्याचा अर्ज कोणाच्या नांवें करावयाचा?" आम्हीं गृहमंत्रालयाचें नांव सांगितलें, आणि त्यांनीं तें खिशांतल्या वहींत टिपून घेतलें.